घरी पहिला सीएनसी राउटर बनवायचाय? कंट्रोल बोर्ड घ्यायच्या आधी ही मागची गोष्ट ऐका

2018 ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आमच्या ठाण्यात एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड) कापून केलेली मखरं दिसायला लागली, ती जाळी बघूनच माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं. सीएनसी राउटर म्हणजे दिलेल्या आकड्यांप्रमाणे मोटरींनी बिट (कापणारं टोक) सरकवत आकार कापणारी मशीन, पण ती लाकडासाठी जन्मलीच नव्हती.

1940 च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करायचा. पात्याचा बाक नीट यावा म्हणून त्याच्याकडच्या फ्रँक स्टुलेनने आयबीएमच्या पंच कार्ड मशीनवर 200 बिंदू काढले, आणि मग मिलिंग मशीनवर (फिरत्या कटरने धातू कापणारी मशीन) एक जण आकडे मोठ्याने वाचणार न् दोघं एकेक हँडल फिरवणार. झाला की सीएनसी, फक्त कंट्रोलर हाडामांसाचा! त्या दोघांच्या जागी मोटर लावायची हीच पुढची कल्पना. 1949 ला एअर फोर्सचा पैसा मिळाला, काम एमआयटीकडे गेलं आणि 1952 ला कागदी टेपवर चालणारी मशीन लोकांना दाखवली. आता गंमत बघा, मशीन मात्र तयारच घेतली होती, सिनसिनाटी हायड्रोटेल नावाची अवजड मिलिंग मशीन. नवं होतं ते व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेलं कंट्रोल.

इकडे 1962 ला एमआयडीसी सुरू झाली, वागळे इस्टेट वसली. आमच्या शेजारचे काका तिथे टर्नर (लेथवर काम करणारे) होते, हँडलवरच्या रेघा मोजून काम करायचे, आणि अजून म्हणतात की मशीन थरथरली की माप गेलं.

पुढे कंट्रोल स्वस्तच होत गेलं. आधी पीसीच्या प्रिंटर पोर्टवरून मोटरी फिरवायचे, 2005 ला इटलीत आर्डुइनो हा छोटा स्वस्त कंट्रोल बोर्ड आला, 2009 ला नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरुडने त्यावर मोटरी चालवणारा जीआरबीएल हा प्रोग्रॅम लिहिला आणि अख्खं कपाटभर कंट्रोल तळहातावरच्या बोर्डात मावलं, तेही जुनाच जी-कोड (मशीनला कुठे सरकायचं ते सांगणारी भाषा) वाचणारं.

पण लोखंडाचं तसं झालं नाही ना. गॅन्ट्रीची (बिट धरणाऱ्या आडव्या पुलाची) लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराला ती आठपट वाकते, हे 1952 लाही होतं आणि आजही आहे. ॲल्युमिनियम तर त्याच मापाच्या स्टीलच्या जवळजवळ तिप्पट वाकतं. मी नेमकं उलटं केलं, आधी बोर्ड न् स्टेपर मोटरी (मोजून थोडं थोडं फिरणाऱ्या) घेतल्या, उरलेल्या पैशात 900 मिमीची बारीक ॲल्युमिनियम प्रोफाइलची (तयार पट्ट्यांची) फ्रेम, मग काय, बिट लाकडात गेला की नुसता थरथराट आणि गोल कापायला सांगितलं तर अंडं. काकांनी बघितलं आणि गॅन्ट्री हाताने ढकलून म्हणाले, 'अरे, ही तर माझ्या बोटानेच हलतेय.'

आता नवीन कागदावर 400 मिमीचीच काढलीय, जाड प्रोफाइल, आणि बोर्ड तोच जुना.