आत उबदार, मग पाइप का गोठले? ट्रेलरची फर्नेस आणि प्लगवरचा हीटर

मिनेसोटा असो, ओंटारियो असो की अल्बर्टा, हिवाळ्यात ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन निघणाऱ्यांची तक्रार ठरलेली: ‘रात्रभर आत २० अंश होतं, नुसत्या टी-शर्टवर झोपलो, आणि सकाळी नळाला थेंब नाही. असं कसं?’ असंच होणार होतं. आतली ऊब प्लगवरच्या हीटरची होती, आणि त्या हीटरने ट्रेलरच्या गॅसवरच्या फर्नेसला रात्रभर झोपवून ठेवलं होतं.

हीटरबद्दल फार सांगायला नको, घरोघरी असतो. १५०० वॉट म्हणजे तासाला साधारण ५,१०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर. मध्यम ट्रेलरची फर्नेस तासाला ३०,००० बीटीयूच्या आसपास गॅस जाळते आणि त्यातली तीनचतुर्थांश उष्णता तरी आत देते. म्हणजे ताकदीत चार-साडेचार पट फरक. लोक हाच फरक लक्षात ठेवतात आणि हिशेब मांडतात: बाहेर फार गार नाही, एक हीटर पुरेल, कॅम्पग्राउंडची वीज भाड्यातच आहे, गॅस कशाला जाळा? खोली गरम ठेवण्यापुरता हिशेब बरोबर आहे. पण पाइप खोलीत नसतात.

ट्रेलरची जमीन आणि खाली लावलेला कोरोप्लास्टचा, म्हणजे पन्हाळी प्लास्टिकचा पत्रा यांच्यामधल्या पोकळीला अंडरबेली म्हणतात. आपण पोट म्हणू. पिण्याच्या पाण्याची टाकी, ग्रे (सिंक-शॉवरचं सांडपाणी) आणि ब्लॅक (संडासाचं मैलापाणी) टाक्या, त्यांचे व्हॉल्व्ह आणि बरेचसे पाइप या पोटात असतात. ज्या ट्रेलरचं पोट खरोखर गरम होतं, त्यात फर्नेसपासून एक-दोन लवचिक डक्ट खाली सोडलेले असतात. फर्नेसचा पंखा फिरला की गरम हवा खोलीत येते आणि तिचा थोडा वाटा पोटात जातो. पंखा थांबला की पोटाचा पुरवठाही थांबला. त्या जागेला वेगळा थर्मोस्टॅट नाही. जो आहे तो सोफ्याजवळच्या भिंतीवर, आणि त्याला फक्त सोफ्याजवळची हवा कळते.

आता फर्नेस १८ वर लावा आणि हीटर २० वर. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटच्या दृष्टीने सगळं आलबेल, त्यामुळे फर्नेस लागतच नाही. बाहेर उणे १२, आत २०, आणि मध्ये पोट तासातासाला गार होत जातं. जमिनीचं इन्सुलेशन जितकं चांगलं, तितकी खोलीतली ऊब खाली कमी झिरपते, म्हणजे महागड्या ट्रेलरमध्ये ही चूक जास्तच जाचते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि फुटतात ते बहुधा पेक्सचे (लवचिक प्लास्टिकचे) पाइप नव्हेत, तर त्यांचे प्लास्टिकचे सांधे, पंपाचं डोकं आणि शॉवरचा नळ.

छपरावरच्या एसीतला हीट पंप आणि टीव्हीखालची ती नकली ज्वाळांची इलेक्ट्रिक शेकोटी यांचाही दोष हाच. शेकोटी तर फर्निचरच्या वेषातला १५०० वॉटचा हीटरच. तिच्या भरवशावर ट्रेलरला ‘फोर सीझन’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: पोटात डक्ट जातो का, आणि कुठपर्यंत? ‘आर्क्टिक पॅकेज’च्या स्टिकरमागे कोणतीही बंधनकारक व्याख्या नाही. नुसतं बंद पोट वारा अडवतं, ऊब देत नाही.

म्हणून फर्नेस मालकीण आणि हीटर मदतनीस. थर्मोस्टॅट १८-२० वर ठेवायचा आणि हीटर ७५० वॉटच्या खालच्या खटक्यावर, थर्मोस्टॅटपासून लांब, बेडरूमच्या टोकाला. प्रमाण जमलं की नाही हे अंदाजाने ठरवू नका. बिनतारी तापमापकाचे दोन सेन्सर घ्या, एक पाण्याच्या पंपाजवळ आणि दुसरा पत्र्याच्या आत व्हॉल्व्हपाशी. सेन्सरमध्ये लिथियम सेल घाला, साधे अल्कलाइन कडाक्यात मान टाकतात. दोन्हीकडे आकडा ४ अंशांच्या, म्हणजे ४० फॅरनहाइटच्या वर हवा. खाली गेला की हीटर बंद करायचा, वाढवायचा नाही. बहुतेकांना हे उलटं वाटतं आणि घोळ तिथेच होतो.

हीटर निरुपयोगी आहे असं नाही. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली तर तिथले पाइप तो नक्की सांभाळतो. पण दोन हीटर लावलेत तर २५ अँपिअर झाले, आणि ३० अँपिअरच्या जोडणीवर सतत २४च्या वर जाऊ नये. त्यात कन्व्हर्टर (१२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारा) आणि मायक्रोवेव्हची भर. बहुतेक ट्रेलरमधल्या आउटलेटमध्ये वायर स्क्रूने आवळलेली नसते, पात्यांमध्ये दाबून बसवलेली असते. तासाभराने प्लगला हात लावून बघा, गरम लागला तर काढा. एक्स्टेंशन कॉर्डवर हीटर अजिबात नको.

फर्नेसच्या अटी दोन, गॅस आणि बॅटरी. २० पौंडांच्या टाकीत सुमारे ४,३०,००० बीटीयू असतात, म्हणजे ३०,०००ची फर्नेस सलग जळली तर चौदा तास. कडाक्याच्या रात्री ती निम्मा वेळ जळते असं धरा, मग एक टाकी दोन रात्री. ३० पौंडांची टाकी वजनाला आपल्याकडच्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या जवळ जाते, पण आतला गॅस वेगळा. आपल्या एलपीजीत ब्यूटेन भरपूर, आणि ब्यूटेन शून्याच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतं. इथल्या टाकीत बहुतांश प्रोपेन, जे उणे ४२ पर्यंत उकळतं. तरीही थंडीत दाब घटतोच, म्हणून टाकी तळाला जाईपर्यंत थांबू नका.

बॅटरीचं दुखणं लोकांच्या लक्षात येत नाही. पंखा १२ व्होल्टवर ७ ते १० अँपिअर ओढतो. बॅनफच्या टनेल माउंटनसारख्या ठिकाणी वीज मिळते, पण वीज नसलेल्या जागी एकुलती लेड-अ‍ॅसिड बॅटरी पहाटेपर्यंत टिकणं कठीण. व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो, पुरेशी हवा नाही म्हणून सेल स्विच (हवेच्या झोताने मिटणारा शिडासारखा स्विच) मिटत नाही, आणि बर्नर पेटतच नाही. फर्नेस गार हवा फेकते आणि लोक गॅस संपला म्हणून टाकी बदलत बसतात. आधी व्होल्टमीटर लावा.

गॅस वाचवायला जमिनीवरच्या गरम हवेच्या जाळ्या बंद करणं किंवा त्यांवर पायपुसणं टाकणं हा आणखी एक उद्योग. हवा अडली की फर्नेस तापते, जास्त तापल्यावर चालणारा लिमिट स्विच ज्योत तोडतो, आणि पोटालाही काही मिळत नाही. सुटा प्रोपेन हीटर तर झोपताना नकोच. फर्नेस जळण्यासाठी बाहेरची हवा घेते आणि धूर बाहेरच सोडते, हा मात्र सगळं खोलीत सोडतो. कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहेच, शिवाय किलोभर प्रोपेन जळलं की सव्वा-दीड लिटरच्याही वर पाणी हवेत मिसळतं, आणि ते गादीखाली आणि काचांवर सापडतं.

किरकोळ गोष्टी: ग्रे आणि ब्लॅक टाक्यांत दोन-चार लिटर गुलाबी अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव) घाला, गाडीचं हिरवं नव्हे, ते विषारी असतं. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी भरली की एकदाच सोडा. ट्रेलर ओढताना यातलं काहीच चालू नसतं आणि पोटाखालून ताशी ९० किलोमीटरचा बर्फाळ वारा जातो, म्हणून प्रवास कोरड्या पाइपांनीच: लो-पॉइंट ड्रेन (पाइपांच्या सर्वांत खालच्या जागेचे निचरा-नळ) उघडून ३०-४० पीएसआय दाबाच्या हवेने फुंकून.

आणि गोठलंच तर? पंप बंद, सगळे नळ उघडे, हीटर बंद, थर्मोस्टॅट २५ वर. हॉट एअर गन पत्र्यावर रोखू नका, कोरोप्लास्ट वितळतो. व्हॉल्व्हची मूठ जोर लावून ओढू नका, केबल तुटते. दोन-तीन तासांनी पंप लावा, नळांतून धार आली की ते बंद करा आणि कान द्या. कोणी पाणी घेत नसताना पंप मधूनच कुरकुरला, तर पोटात कुठेतरी सांधा गळतोय.