जुन्या स्पोर्ट्‌स कारचं ॲव्हरेज घसरलं? पार्ट बदलण्याआधी हे वाचा

“गाडी ॲव्हरेज देत नाही” म्हणून आमच्याकडे येणारी जुनी स्पोर्ट्‌स कार बहुतेक वेळा नवे प्लग, नवा एअर फिल्टर आणि नुकतेच साफ केलेले इंजेक्टर घेऊनच येते. खर्च होऊन गेलेला असतो, पेट्रोल मात्र तसंच जात असतं. आमची पद्धत याच्या उलट आहे. पेट्रोल नेमकं कुठे जातंय ते कळेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही. ते शोधताना आम्ही काय तपासतो, कोणत्या क्रमाने आणि का, ते या पत्रकात सांगितलं आहे. यातलं बरंचसं तुम्हाला घरीच करता येईल, आणि केलंत तर आमचाही वेळ वाचेल.

आधी हिशेब

“लिटरला आठ देते” असं कुणी सांगितलं की आमचा पहिला प्रश्न असतो, हा आठ काढला कसा? पेट्रोलच्या काट्यावरून काढला असेल तर तो विसरा. या गाड्यांच्या टाक्या मागच्या सीटच्या जागी, ॲक्सलच्या वर, बूटच्या कोपऱ्यात, जिथे जागा मिळाली तिथे बसवलेल्या असतात. आकार वेडावाकडा असल्यामुळे काट्याच्या वरच्या अर्ध्या भागातले लिटर आणि खालच्या अर्ध्या भागातले लिटर सारखे नसतात.

टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, हाच खरा हिशेब. शक्यतो तोच पंप, गाडी सपाट जागी, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वर आणखी ठासून भरायचं नाही. असं निदान तीन वेळा करा. मग सगळे किलोमीटर एकत्र करून सगळ्या लिटरने भागा. प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी घेऊ नका, कारण ती चुकते. ३०० किलोमीटर १२च्या हिशेबाने गेले तर २५ लिटर लागतात आणि पुढचे ३०० आठच्या हिशेबाने गेले तर ३७.५. म्हणजे ६०० किलोमीटरला ६२.५ लिटर, म्हणजेच ९.६. बारा आणि आठची सरासरी दहा येते, पण गाडीने दहा दिलेले नसतात.

आता टायर. मूळ साइज बदलून मोठे अलॉय व्हील बसवले असतील तर किलोमीटरचा काटाच वेगळं सांगतो. उदाहरणार्थ, १८५/६० आर १४ या टायरचा व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर आहे आणि २०५/४५ आर १६चा सुमारे ५९१. चाक २.३ टक्क्यांनी मोठं झालं, तेवढे त्याचे फेरे कमी झाले. गाडी ५०० किलोमीटर धावली तरी काटा ४८९च दाखवणार. पेट्रोल जास्त गेलेलंच नसतं, अंतर कमी मोजलं गेलेलं असतं. रुंद टायरचा खरा बोजा, वजन आणि रोलिंगचा विरोध, तो वेगळा.

तिसरी गोष्ट, तुलना कशाशी करताय? युरोपात नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ॲव्हरेजचे तीन आकडे दिले जायचे: शहरातलं, ताशी ९० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाचं आणि ताशी १२०चं. विकणारे त्यातला ९०चा आकडा सांगायचे आणि तोच मालकांच्या तोंडी राहिला. प्रत्यक्ष रस्त्यावर तो गाडी नवी असतानाही मिळत नव्हता. पेट्रोलही बदललंय. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे १० टक्के मिश्रणात तीन-साडेतीन टक्के आणि २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के फटका गाडीत काहीही बिघाड नसताना बसतो. आणि तुमच्याकडे माझदाची आरएक्स-७ किंवा आरएक्स-८ असेल तर रोटरी इंजिन मुळातच जास्त पितं. तो त्याचा स्वभाव आहे, त्यावर आमच्याकडे औषध नाही.

हा सगळा हिशेब करूनही पंधरा-वीस टक्क्यांची घट शिल्लक राहत असेल, तर मात्र बॉनेट उघडायला हवं.

गरम इंजिन, पण गाडीला वाटतं थंड

इंजेक्शनच्या जुन्या गाड्यांमध्ये आम्ही सर्वांत आधी इथे पाहतो. इंजिन थंड असताना ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर) मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, पूर्वी आपण चोक ओढायचो तसंच. इंजिन गरम झालं की हे जादा पेट्रोल बंद व्हायला हवं. पण गरम झालं हे ईसीयूला सांगणारा असतो कूलंट टेम्परेचर सेन्सर, आणि तोच चुकीचं सांगत असेल तर चोक दिवसभर ओढलेला राहतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेन्सर आणि ईसीयूचा सेन्सर हे जुन्या गाड्यांत बहुधा दोन वेगळे असतात. त्यामुळे “काटा बरोबर मध्यावर येतो” यावरून ईसीयूला काय दिसतंय ते कळत नाही.

बॉशच्या अनेक सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना सुमारे २५०० ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३२० ओहम असतो. तापमान वाढेल तसा तो उतरतो. आता कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढलाय आणि त्याने मध्ये ५०० ओहमची भर घातलीय असं समजा. इंजिन ८० अंशांवर आहे, पण ईसीयूला ८२० ओहम दिसतात, म्हणजे साधारण ५० अंश. सेन्सर निर्दोष, इंजिन निर्दोष, फक्त एका पिनेवरचा गंज पेट्रोल पीत असतो. म्हणून रेझिस्टन्स आम्ही सेन्सरवर तर मोजतोच, पण ईसीयूच्या कनेक्टरपाशीही मोजतो. दोन आकड्यांत फरक आला की दोष वायरिंगमध्ये आहे हे ठरलं. सेन्सर नवा टाकूनही काही होत नाही, ते का, हेही मग लक्षात येतं.

याच तक्रारीचा दुसरा गुन्हेगार थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. तो उघडाच अडकला की इंजिन खरोखरच पुरेसं तापत नाही. गर्दीत काटा वर येतो, मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की खाली बसतो, ही त्याची खूण. काही गाड्यांत तर गाडी गरम होते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला सापडतो. तपासणी सोपी आहे. थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होसवर हात ठेवा, पंख्यापासून जपून. होस काही मिनिटं गार राहून मग एकदम तापायला हवा. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे.

ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत थंडीत स्टार्ट होण्यासाठी एक वेगळा इंजेक्टर असतो. तो बंद झाल्यावरही टपकत राहिला तर लक्षण हेच दिसतं. हे मात्र घरी उघडून पाहू नका.

ऑक्सिजन सेन्सरला उगाच शिक्षा

इंटरनेटवर दहा मिनिटं घालवली की प्रत्येकाचं निदान एकच निघतं: ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहून ईसीयूला कळवणारा) गेला. जातो, नाही असं नाही. जुन्या, हीटर नसलेल्या सेन्सरचं आयुष्य साधारण ५० ते ८० हजार किलोमीटर. चांगला सेन्सर गरम झाल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होत राहतो. एकाच जागी बसून राहिला किंवा आळसावला, तर बदलायलाच हवा.

पण अनेकदा सेन्सर जे दिसतंय तेच प्रामाणिकपणे सांगत असतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो आणखी सोडतो. एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल तरी तसंच: न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि उपाय म्हणून वर आणखी पेट्रोल ओतलं जातं. अशा गाडीत सेन्सर तीनदा बदलला तरी ॲव्हरेज जागचं हलणार नाही. थंड इंजिन चालू केल्यावर मॅनिफोल्डपाशी टिक-टिक असा आवाज येतो का, ते ऐका. इंजिन तापल्यावर धातू प्रसरण पावून तो आवाज बरेचदा बंद होतो.

अमेरिकेत १९९६पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून ओबीडी-२ (स्कॅनर लावून ईसीयूतले आकडे वाचायची ठरलेली सोय) आलं. तुमची गाडी त्यानंतरची असेल तर आम्ही स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहतो, म्हणजे ईसीयू ठरलेल्या पेट्रोलमध्ये किती टक्के वाढ किंवा कपात करतोय ते. आकडा उणे दहाच्या खाली गेला असेल तर कुठून तरी जादा पेट्रोल येतंय आणि ईसीयू ते कापतोय. अधिक दहाच्या वर असूनही प्लग काळेकुट्ट निघाले, तर सेन्सर फसवला जातोय. आणि ट्रिम शून्याच्या आसपास असेल, तर हवा-पेट्रोलचं मिक्स्चर ठीक आहे. मग टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ), थर्मोस्टॅट आणि चाकं एवढंच पाहायचं उरतं.

फ्युएल प्रेशर

फ्युएल प्रेशर ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून त्याचा वास घ्या. आत पेट्रोल किंवा पेट्रोलचा वास असेल तर रेग्युलेटरचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटलाय आणि इंजिन त्या पाइपातून थेट पेट्रोल ओढतंय. डिपस्टिकच्या ऑइललाही वास येत असेल तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतंय. अशा वेळी ऑइल लगेच बदलायला हवं. गाडी बंद केल्यावर प्रेशर भराभर उतरत असेल आणि गरम इंजिन स्टार्ट व्हायला त्रास देत असेल, तर आमचा संशय इंजेक्टरवर जातो.

कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटरच्या गाड्या

इथे सगळे जण आधी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवायला बसतात. आम्ही आधी टायमिंग पाहतो. डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने स्पार्क पोचवणाऱ्या भागाला, एक चपटी डबी असते, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची. हलक्या ॲक्सिलरेटरवर, एकसारख्या वेगाने जाताना ती स्पार्क लवकर पाडते आणि ॲव्हरेज नेमकं तेव्हाच मिळतं. तिचा रबरी पडदा फाटला तर फुल्ल ॲक्सिलरेटरला काहीच फरक जाणवत नाही, गाडी पूर्वीसारखीच पळते, पण लांबच्या प्रवासात पेट्रोल जास्त जातं. मालकाला म्हणूनच पत्ता लागत नाही. तपासायला डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, डबीच्या पाइपातली हवा तोंडाने ओढा आणि जिभेने पाइपचं तोंड बंद करा. आतली प्लेट सरकून तशीच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर पडदा गेला.

टायमिंग बरोबर निघालं की मग कार्ब्युरेटर: चोकची केबल पूर्ण मागे येते का, फ्लोटची निडल गळते का, दोन किंवा तीन कार्ब्युरेटर असतील तर ते एकमेकांशी जुळलेले आहेत का. हा क्रम उलटा केला तर चुकीच्या टायमिंगला जुळवून घेतलेलं मिक्स्चर हाती येतं आणि दोन्ही कामं पुन्हा करावी लागतात.

एअर फिल्टरबद्दल दोन शब्द. कार्ब्युरेटरच्या गाडीत तुंबलेला फिल्टर ॲव्हरेज खातो. इंजेक्शनच्या गाडीत मुख्यतः पिकअप कमी होतो, कारण ईसीयू आलेल्या हवेच्या हिशेबानेच पेट्रोल देतो. फिल्टर वेळेवर जरूर बदला, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

इंजिन सोडून

स्पोर्ट्‌स कार वर्षातले बरेच दिवस झाकून उभी असते आणि त्याने ब्रेकचे कॅलिपर चिकटतात. रिकाम्या रस्त्यावर काही किलोमीटर जा, शेवटी शक्यतो ब्रेक न लावता गाडी आपसूक थांबू द्या, आणि चाकांजवळ हात नेऊन पाहा (डिस्कला हात लावू नका). एकच चाक गरम लागलं तर पेट्रोल तिथे जातंय. अलाइनमेंट आणि टायरची हवा याच वेळी पाहून घ्या. ब्रिटिश गाड्यांत, उदाहरणार्थ ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन कमी फिरू देणारा जादा गिअर) असलेल्या एमजीबीत, ओव्हरड्राइव्ह लागतो की नाही तेही बघा. बटण दाबल्यावर आरपीएम खाली आला नाही तर इंजिन सगळा प्रवास विनाकारण जास्त फिरत असतं.

वेगाचा हिशेबही इथेच येतो. ताशी १००ऐवजी १२०ने गेलात तर हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो. छत उघडं असेल तर आणखी. नवा मोकळा रस्ता झाला आणि ॲव्हरेज पडलं, ही तक्रार आम्ही मनावर घेत नाही.

गाडी चालवू नका, आधी फोन करा

बंद गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर हा ॲव्हरेजचा प्रश्न राहिलेला नाही. जुने रबरी होस इथेनॉलने मऊ पडतात, चिरतात, आणि ते बऱ्याचदा गरम एक्झॉस्टच्या जवळूनच गेलेले असतात. तसंच गाडीमागून काळा धूर येत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जास्त तापून निकामी होऊ शकतो.

येताना काय आणाल

तीन टाक्यांचा लिहिलेला हिशेब, सध्याच्या टायरचा साइज, आणि गेल्या वर्षभरात काय काय बदललं त्याची यादी. जुने पार्ट फेकले नसतील तर तेही आणा. काढलेल्या प्लगचा रंग आम्हाला बिलापेक्षा जास्त सांगतो. आणि जमल्यास गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत कूलंटचा सेन्सर आणि हवेचा सेन्सर या दोघांनी जवळपास एकच तापमान दाखवायला हवं, आणि ते सकाळी पहिला स्टार्ट मारण्याआधीच पाहता येतं. दुपारी गरम इंजिन घेऊन आलात तर ही तपासणी दुसऱ्या दिवसावर जाईल.