बीजविकासाच्या आरंभीची जनुके

सपुष्प वनस्पतींत फलनानंतर भ्रूण, भ्रूणपोष (भ्रूणाला अन्न पुरवणारी ऊती) आणि बीजावरण यांची घडण ठरवणारी जनुके. त्यांची बरीचशी माहिती मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपावरील प्रयोगांतून मिळाली असली, तरी पुण्याच्या वाचकाला उदाहरण जुन्नर-नारायणगावच्या बागांतच सापडते: बिनबियांचे द्राक्ष.

परागनलिकेतून दोन पुंयुग्मके, म्हणजे नर जननपेशी, येतात. एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण, तर दुसऱ्याचा मध्यपेशीशी संयोग होऊन भ्रूणपोष तयार होतो. हे दुहेरी फलन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवले. ज्वारीच्या दाण्यातला पिठूळ भाग म्हणजे हाच भ्रूणपोष. हरभऱ्यात तो दाणा पिकेपर्यंत संपून जातो.

भ्रूणपोषात मातेचे दोन आणि पित्याचा एक असे गुणसूत्रांचे तीन संच असतात. मेडिया, एफआयएस-२ आणि एफआयई ही जनुके फलन होईपर्यंत त्याची वाढ रोखून धरतात. ती बिघडली, तर फलनावाचूनही भ्रूणपोष वाढू लागतो. पण त्यातून जिवंत बी होत नाही. विशेष म्हणजे मातेकडून आलेली मेडियाची प्रत सदोष असेल, तर पित्याची प्रत धडधाकट असूनही बी मरते, कारण भ्रूणपोषात ती पितृप्रत मूक, म्हणजे बंद, असते. बीजविकासातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल. पुढे एजीएल-६२ भ्रूणपोषात पेशीभित्ती अकाली पडू देत नाही, तर लेक-१ भ्रूणाला भ्रूणपण देते. ते पानांत चालू केले, तर पानांवरही भ्रूणासारख्या रचना उगवतात.

थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षवाणात फलन होते, भ्रूणही धरतो, पण बी लवकरच खुंटते आणि बीजावरण टणक होत नाही. एजीएल-११ जनुकातला एकच बदल याच्या मुळाशी आहे. वाढणारे बी जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक पुरवते. ते नसल्याने मणी बारीक राहतो, म्हणून बागायतदार घडांना जीए (जिबरेलिक आम्ल) देतात.

मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तर आघारकर संशोधन संस्थेने कॅटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ हा वाण काढला. संकरात मादी म्हणून बिनबियांची वेल घ्यायची, तर खुंटणारा भ्रूण मरण्याआधी काढून प्रयोगशाळेत पोषकद्रव्यावर वाढवावा लागतो.