दगड झिजला, दरज टिकली

नागपुरात महाल भागातल्या जुन्या भिंती जवळून पाहिल्या तर काळा दगड बहुतेक जागी जसाच्या तसा दिसतो. दोन दगडांमधला चुना मात्र भुसभुशीत होऊन गळालेला असतो आणि त्या फटीत पिंपळाचं एखादं रोप हमखास असतं. भिंत जाते ती दरजेतून, म्हणजे दगडांमधल्या या सांध्यातून, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मुरुडसमोरच्या समुद्रात पद्मदुर्गावर मात्र याच्या नेमकं उलटं दिसतं. तिथे लाटांच्या बाजूचे दगड आत खोल झिजलेत आणि त्यांच्यामधला चुना मधमाशांच्या पोळ्यासारखा चौकटी धरून बाहेर उभा आहे.

पद्मदुर्ग, म्हणजेच कासा किल्ला, शिवाजी महाराजांनी 1675च्या सुमारास उभा केला. समोर जंजिरा, आत राजपुरीची खाडी आणि त्या खाडीत सिद्दीचं आरमार. ‘दुसरी राजपुरी’ असा त्याचा उल्लेख महाराजांच्या पत्रात येतो. म्हणजे काम भर समुद्रात, शत्रूच्या तोफांच्या धाकात आणि भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत चाललेलं. अशा ठिकाणी ज्यांनी चुना मळला, त्यांची नावं इतिहासात नाहीत. असायला हवी होती.

आधी दगडाचं पाहू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. लाटेचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्याचे स्फटिक वाढू लागतात. छिद्र जितकं बारीक, तितका वाढत्या स्फटिकाचा दाब त्याच्या भिंतींवर जास्त. पुढच्या भरतीला मीठ विरघळतं, दुपारी पुन्हा गोठतं. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं की दगडाचा कण न् कण सुटा होतो. त्यातून एकदा खळगा पडला की त्यात ओल जास्त वेळ टिकते, म्हणून तो आणखी खोल होत जातो. सीताबर्डीच्या टेकडीचा कातळही त्याच दख्खनी लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांहून जुना; हा थर नागपूरजवळ संपतो आणि पश्चिमेला थेट कोकणच्या किनाऱ्यापर्यंत जातो. पण सीताबर्डीला मीठ चाटत नाही.

चुन्याची गोष्ट वेगळी. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजून कळीचा चुना करायचा, तो पाण्यात विरवायचा, वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळायचा. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, घातली तर तो ओल्यातही घट्ट होतो. अशा चुन्यातली छिद्रं मोठी असतात, त्यामुळे मिठाच्या स्फटिकांना वाढायला जागा मिळते. बारीक भेग पडलीच, तर झिरपणाऱ्या पाण्याबरोबर विरघळलेला चुना तिच्यात साका धरून ती बुजवतो. शिवाय आपल्याकडचं समुद्राचं पाणी चुन्याने आधीच तृप्त असतं, ते भिंतीतला चुना फारसा ओढत नाही. पावसाचं पाणी ओढतं. मुरुडला पाऊस नागपूरपेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा चुना तिथेही झिजतोच. फक्त दगड त्याहून भराभर झिजतो.

आता अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. 1680 साली बांधायला घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून त्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. इथे तटाचे अजस्र चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचले आहेत. दरज भरलेलीच नाही! हे घाईचं काम वाटेल, पण हिशेब पाहा. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. ओहोटीला समुद्र उतरतो, पण भिंतीमागे मुरलेलं पाणी अडकलं तर ते तट बाहेर ढकलतं. तीन मीटर उंचीचं पाणी तळाशी दर चौरस मीटरला सुमारे तीन टन दाब देतं. उघड्या फटींतून हे पाणी निघून जातं. भरतीला लाट आदळते तेव्हाही तिचं थोडं पाणी आत घुसतं, फटींत घुसळून जोर गमावतं आणि तटाला बसणारा धक्का कमी होतो. मुंबईत मरीन ड्राइव्हला टाकलेले काँक्रीटचे चौपायी ठोकळे याच तत्त्वावर काम करतात. त्यांच्या ढिगात जवळपास निम्मी जागा पोकळ असते आणि ठोकळ्यांमध्ये सिमेंट कुठेच नसतं.

सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं सांगतात. ते 327 अंशांना वितळतं, त्यामुळे जागेवरच ओतता येतं, आणि खाऱ्या पाण्यात त्याच्यावर न विरघळणारा पातळ थर चढतो. लोखंड वापरलं असतं तर गंजून फुगलं असतं आणि त्यानेच दगड फोडला असता.

2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. पद्मदुर्ग आणि कुलाबा नाहीत. माझ्या मते दरजेचा अभ्यास करायचा तर हेच दोन आधी पाहावेत.

महालात वाड्याची डागडुजी काढणाऱ्यांसाठीही यात कामाचं काही आहे. जुन्या दगडी भिंतीच्या दरजा सिमेंटने भरू नयेत. सिमेंट चुन्यापेक्षा टणक, आणि ओल बाहेर सोडत नाही. मग भिंतीतली ओल आणि जमिनीतून चढलेले क्षार दगडातूनच वाट काढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. गवंडी सिमेंटचा आग्रह धरेल, कारण ते लवकर सुकतं. त्याला चुना आणि सुरखीच आणायला सांगा, आणि भरलेली दरज उन्हाळ्यात ओल्या गोणपाटाखाली ठेवा, नाहीतर आपल्या मे महिन्याच्या उन्हात चुना पकड धरायच्या आधीच वाळून जाईल.