लिनक्स डेस्कटॉपवरील ध्वनिमार्ग बदल

लिनक्स डेस्कटॉपवर वाजणारा आवाज स्पीकरवरून हेडसेटवर किंवा हेडसेटवरून स्पीकरवर नेण्याची क्रिया. कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, आल्सा ही प्रणाली साउंड कार्ड चालवते. मात्र कोणत्या प्रोग्रामचा आवाज कोणत्या उपकरणाकडे जावा, हे तिच्या वरच्या थरातील साउंड सर्व्हर ठरवतो. हे काम बरीच वर्षे पल्सऑडिओने केले. २०२१ मध्ये फेडोरा या लिनक्स वितरणाच्या ३४ व्या आवृत्तीपासून पाइपवायर हा साउंड सर्व्हर त्याच्या जागी येऊ लागला.

साडेतीन मिलिमीटरच्या जॅकला जोडलेला हेडसेट आणि लॅपटॉपचे अंगचे स्पीकर ही बहुधा एकाच साउंड कार्डाची दोन पोर्ट असतात. जॅक बसताच स्पीकर आपोआप बंद होतात, आणि दोन्हींवर वेगवेगळा आवाज सहसा सोडता येत नाही. यूएसबी हेडसेटमध्ये मात्र स्वतःचे साउंड कार्ड असते, त्यामुळे तो स्वतंत्र उपकरण म्हणून दिसतो.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे नाटकाच्या तालमीत चांगले कळते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत मराठी नाटकाचा प्रयोग केला, तेथील एखाद्या हौशी संस्थेत पार्श्वसंगीत सांभाळणाऱ्याला चालू तुकडा सभागृहाच्या स्पीकरवर आणि पुढचा तुकडा फक्त स्वतःच्या कानात ऐकायचा असतो. त्यासाठी सभागृहाचा अँप्लिफायर जॅकला आणि हेडसेट यूएसबीला जोडावा, तुकडे दोन वेगळ्या प्लेअरमध्ये उघडावेत आणि पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलच्या ‘प्लेबॅक’ पानावर प्रत्येक प्लेअरपुढे त्याचे उपकरण निवडावे. ही खिडकी पाइपवायरवरही चालते. मुख्य उपकरण म्हणून हेडसेटच ठेवणे अधिक सुरक्षित, कारण निरोप आल्याची सूचना वाजली तरी ती प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही. हाताने वेगळे उपकरण नेमून दिलेला प्रोग्राम मुख्य उपकरण बदलल्यावरही सहसा जागचा हलत नाही आणि ती नेमणूक पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवली जाते. ‘हेडसेट निवडला, तरी आवाज स्पीकरमधूनच येतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या जुन्या नेमणुकीत सापडते.

पाइपवायर असेल, तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’ (wpctl status) या आज्ञेने उपकरणांची क्रमांकांसह यादी मिळते आणि ‘डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट’पुढे (wpctl set-default) त्यातील क्रमांक दिला की मुख्य उपकरण बदलते. हेडसेट काढून पुन्हा लावल्यावर हे क्रमांक बदलू शकतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञा साठवलेल्या फाइलमध्ये, उपकरणाचे नाव घेणारी ‘पीएसीटीएल’ची (pactl) आज्ञा वापरावी.

ब्लूटूथ हेडसेटमध्ये उपकरणाबरोबर प्रोफाइलही, म्हणजे आवाज पाठवण्याची पद्धतही, पाहावे लागते. गाणी ऐकण्यासाठीच्या ए२डीपी प्रोफाइलमध्ये आवाज स्टिरिओ आणि स्वच्छ येतो, पण हेडसेटचा माइक चालत नाही. माइक सुरू करताच हेडसेट संभाषणासाठीच्या एचएफपी किंवा एचएसपी प्रोफाइलवर जातो व आवाज टेलिफोनसारखा मोनो (स्टिरिओ नसलेला) होतो. माइक लॅपटॉपचा निवडून हेडसेट ए२डीपीवर ठेवल्यास ही घसरण टळते. ब्लूटूथचा आवाज किंचित उशिराही पोहोचतो, त्यामुळे संवादाच्या नेमक्या शब्दावर संगीत सोडायचे असेल, तेव्हा वायरचा हेडसेटच घ्यावा.