तमाशा फडांची नावे

महाराष्ट्रातील ढोलकी फडाच्या तमाशात फडाला, म्हणजे कलावंतांच्या संचाला, नाव देण्याची एक पक्की रीत आहे. आरंभी प्रमुख कलावंताचे नाव, त्यानंतर गावाच्या नावाला ‘कर’ जोडून झालेले आडनाव आणि शेवटी बहुधा ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’, अशी त्याची घडण असते. फड कोणाचा, कोणत्या गावचा आणि कोणाच्या वारशाने चालतो, हे त्यातून जाणकाराला लगेच कळते.

यातील गाव जन्मगावच असते असे नाही. प्रसिद्ध तमाशा कलावंत विठाबाईंचा (१९३५–२००२) जन्म पंढरपूरचा. परंतु वडील आणि चुलते यांचा फड ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजलेला असल्यामुळे त्याही नारायणगावकर झाल्या आणि ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या नावाने त्यांचा फड गावोगावच्या जत्रांतून उभा राहिला. वडिलांचे नाव आणि जात, दोन्ही फलकावर ठळकपणे मिरवणारे हे नाव मराठी रंगभूमीच्या इतिहासात विशेष मोलाचे मानले पाहिजे. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांचा फड मात्र करवडीकर या नावाने ओळखला जातो.

फडाच्या नावातील सर्वांत अर्थपूर्ण शब्द ‘सह’ हा होय. ‘तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर’ या नावात दोन नामांकित कलावंतांची जोडी आहे. १९६४ मध्ये तुकाराम खेडकरांचे निधन झाले. पुढे त्यांचे आणि कांताबाईंचे पुत्र रघुवीर मोठे झाल्यावर फडाचे नाव ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ असे झाले. नव्या पिढीचे नाव आधी येते आणि जुन्याची पुण्याई ‘सह’च्या पुढे जपली जाते, ज्या प्रेक्षकांनी आईची लावणी पाहिलेली असते, ते त्या दुसऱ्या नावावर विश्वास ठेवून मुलाच्या तंबूकडे वळतात.

क्वचित भूमिकाच नाव देते. सांगली जिल्ह्यातील कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे बंधू ‘जहरी प्याला’ या वगातील (तमाशात सादर होणाऱ्या नाट्यातील) हवालदारांच्या भूमिकांमुळे काळू-बाळू म्हणून ओळखले जाऊ लागले आणि फडही ‘काळू-बाळू कवलापूरकर’ या नावाने चालला.

या नावांचे व्यवहारातील वजन गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात दिसते. तेथे फडमालक आपापल्या राहुट्या टाकतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक असतो. जत्रेची सुपारी देण्यासाठी आलेली गावकरी मंडळी फलक वाचत फिरतात, जुन्या ओळखीच्या नावापाशी थांबतात आणि मग आत बसून तारीख व बिदागी ठरवतात.

संगीत बारी या तमाशाच्या दुसऱ्या, लावणीप्रधान प्रकारात वगाला स्थान नसते आणि पार्टी गायिकेच्या किंवा बहिणींच्या जोडीच्या नावाने चालते. गावाचा ‘कर’ मात्र तेथेही टिकून आहे. लावणी गायिका यमुनाबाई वाईकर यांचे आडनाव जावळे होते, तरी रसिकांनी त्यांना अखेरपर्यंत वाईच्या नावानेच ओळखले.