रायफलीच्या ॲक्शनची लांबी

बोल्ट (हाताने मागेपुढे सरकविण्याचा दांडा) असलेल्या रायफलीत काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत सारणारी, बार उडताना ते तेथे जखडून ठेवणारी आणि रिकामी पुंगळी (बंदुकीची दारू धरणारे धातूचे कवच) बाहेर फेकणारी यंत्रणा म्हणजे ॲक्शन. तिची लांबी ठरते ती काडतुसाच्या एकूण लांबीवरून, म्हणजे पुंगळीच्या बुडापासून गोळीच्या टोकापर्यंतच्या मापावरून. गोळीच्या व्यासाचा तिच्याशी थेट संबंध नाही. बोल्ट मागे ओढल्यावर त्याचे तोंड मॅगझिनमधील (काडतुसांच्या पेटीतील) काडतुसाच्या बुडामागे जावे लागते, तरच परत सारताना काडतूस पुढे ढकलले जाते. लांब ॲक्शनवर घाईत बोल्ट अर्धवट ओढला, तर तो काडतुसावरून नुसता सरकतो आणि चेंबर रिकामेच राहते.

अमेरिकी प्रघातात आखूड ॲक्शनमध्ये सुमारे ७१ मिमी. (.३०८ विंचेस्टर; .३०८ हा गोळीचा इंचांतील व्यास), लांब ॲक्शनमध्ये सुमारे ८५ मिमी. (.३०-०६) आणि मॅग्नम (अधिक शक्तीच्या काडतुसांच्या) ॲक्शनमध्ये सुमारे ९१ मिमी. लांबीची (.३७५ हॉलंड अँड हॉलंड, १९१२) काडतुसे बसतात. उत्पादकागणिक या मर्यादा थोड्या सरकतात. काडतुसाच्या नावातील ‘मॅग्नम’ शब्दावर मात्र विसंबू नये : ७ मिमी. रेमिंग्टन मॅग्नम (१९६२) लांब ॲक्शनमध्येच बसते, तर .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम (२००१) जाड, बुटक्या पुंगळीमुळे आखूड ॲक्शनमध्ये.

आखूड ॲक्शनचा उगम .३०८ मध्ये शोधण्याची प्रथा आहे. ती फारशी ग्राह्य वाटत नाही. जर्मनीच्या माउझर कारखान्याने शिकारी रायफलींसाठी वेगवेगळ्या लांबीच्या ॲक्शन त्याआधीच बनविल्या होत्या. सॅव्हेज कंपनीच्या तरफेच्या रायफलीत .३०-०६ मावत नसल्याने त्या काडतुसाच्या जवळपासचा गोळीचा वेग देणारे .३०० सॅव्हेज हे काडतूस १९२० मध्ये निघाले. .३०८ (१९५२) म्हणजे .३०-०६ ची पुंगळी कापून केलेली आवृत्ती, असे सर्रास लिहिले जाते. दोन्हींच्या बुडाचा व्यास सारखा असल्याने हा समज पसरला असावा. परंतु अमेरिकी सैन्याच्या टी-६५ प्रयोगमालिकेची सुरुवात .३०० सॅव्हेजच्या सुमारे ४७ मिमी. पुंगळीपासून झाली आणि ती वाढत ५१ मिमी. वर स्थिरावली, हे मत अधिक सयुक्तिक आहे. सुधारित दारूमुळे कमी जागेत जवळपास तेवढाच वेग साधला. १९५४ मध्ये नाटोने हे काडतूस ७.६२×५१ (नळीचा व्यास × पुंगळीची लांबी, मिमी.) या नावाने स्वीकारले.

आखूड ॲक्शन अधिक ताठ, म्हणून अधिक अचूक, हा दावा तत्त्वतः पटण्याजोगा असला तरी नळी व बैठक (ॲक्शन दस्त्यात जेथे बसते ती जागा) यांचा परिणाम बहुधा मोठा असतो. तिची अडचण वेगळी आहे : लांब गोळी मॅगझिनमध्ये मावावी म्हणून पुंगळीत खोल बसवावी लागते आणि दारूची जागा घटते.

लांब ॲक्शनमध्ये आखूड काडतूस चालविता येते. इशापूर (पश्चिम बंगाल) येथील शस्त्र कारखान्याच्या २ए१ रायफलीत मुळात सुमारे ७८ मिमी. लांबीच्या .३०३ काडतुसासाठी आखलेली ली-एनफिल्ड ॲक्शन अधिक मजबूत पोलादात घडवून, मॅगझिन बदलून ७.६२ साठी वापरली. भारतातील नागरी .३१५ रायफलीत ८×५० मिमी. चे कडेदार (बुडाशी बाहेर आलेली कड असलेले) काडतूस चालते.